हरलेल्यांनी वाढायचं

अर्लीन व्होडिच्कानं आयुष्यात कधी वांगं शिजवलं नाही. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरं जेवू घातली, पण वांगं नाही, जांभळा कोबी नाही, द्राक्षाचा जॅम नाही. जांभळा रंग ब्रॅडिशचा, आणि ब्रॅडिशचं नाव काढलं की आमच्या हार्टन गावात माणसं तोंड वाकडं करतात. मी तिच्या हाताखाली एकोणीस वर्षं कांदे चिरलेत आणि भांडी घासलीत, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते, हे नाटक नव्हतं. तिचा नवरा एमिल गेला तेव्हा फुलवाल्यानं पेटीवर जांभळी आयरिसची फुलं घातली होती. पाद्रीबाबा पुस्तक उघडून उभे, सगळं गाव माना खाली घालून बसलेलं, आणि ही बाई पुढं होऊन एकेक जांभळं फूल उपटून माझ्या हातात देतेय.

"नोरीन, बाहेर टाकून ये. यांच्यासकट एमिल वर जायचा नाही."

तर अशी बाई. आणि हीच बाई पुढं ब्रॅडिशनं आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून सगळ्या गावाशी भांडली. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

नेब्रास्काच्या या भागात दोन विद्यापीठं. आमचं हार्टन स्टेट, पिवळं, आणि साठ मैलांवर ब्रॅडिश, जांभळं. दरवर्षी नोव्हेंबरात दोघांचा फुटबॉलचा सामना, एक वर्ष आमच्या मैदानावर, एक वर्ष त्यांच्या. तो गेली नव्वद वर्षं चाललाय, आणि त्या सामन्याला शेपूट आहे सोमवारचं. सामन्यानंतरच्या सोमवारी हरलेल्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकिणीनं जिंकलेल्या गावात जायचं, तिथल्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये जिंकणाऱ्यांच्या रंगाचा एप्रन घालायचा, आणि येईल त्याला चिली, म्हणजे खिमा-घेवड्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल वाढायचा. एप्रनची गाठ मारायची ती जिंकलेल्या गावाच्या स्वयंपाकिणीनं, तिच्या पाठीमागं उभं राहून. पहिला घास घेणाऱ्यानं ओरडायचं, "मीठ कमी!" मीठ कितीही बेताचं असो. आणि वाढणारीनं उलट उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही.

ब्रॅडिशची स्वयंपाकीण म्हणजे जून लिंडक्विस्ट. उंच, हाडकुळी, जीभ सुरीसारखी. दोघी नोकरीतून निवृत्त झाल्या, नव्या पोरी आल्या, पण सोमवारचा मान दोघींनीही सोडला नाही. एका वर्षी ब्रॅडिश हरलं, जून आमच्याकडं वाढायला आली. अर्लीननं पहिला घास घेतला, ओरडली, "मीठ कमी!"

जून म्हणाली, "डोळ्यांतलं घाल दोन थेंब. शनिवारी अर्धा वेळ तुम्ही मागं होतात तेव्हा बरंच गळत होतं."

हॉल हसून हसून आडवा. अर्लीनचं तोंड लाल. रात्रीपर्यंत ती स्वतःशीच उत्तरं जुळवत बसली होती, वेळ निघून गेल्यावर. अशी चाळीस वर्षं. मी मोजलं तर तेवढेच चाळीस दिवस दोघी एकमेकींना भेटल्या, आणि एक जादा, एमिलच्या दफनाचा. त्या दिवशी जून साठ मैल गाडी हाकत आली, शेवटच्या बाकावर बसली, कुणाशी न बोलता गेली. घरी आल्यावर अर्लीननं मला एकच विचारलं.

"ती राखाडी कपड्यात आली होती ना गं?"

"हो."

"जांभळा रुमालसुद्धा नव्हता?"

"नव्हता. मी पाहिलं."

"हं," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

मग साठ मैलांवर राहणाऱ्या दोन बायका एरवी भेटायच्या का नाहीत? नाही भेटायच्या. आमच्याकडं 'सहज आले होते' असं कुणी म्हणत नाही. सहज आलेल्याला काहीतरी मागायचं असणार, असंच लोक धरून चालतात. यायला कारण लागतं. या दोघींचं कारण एकच, कुणीतरी हरणं.

परवाच्या फेब्रुवारीत बातमी आली. आम्ही दहा विद्यापीठं एका कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एका पंगतीत. वर्षभर एकमेकांशीच खेळायचं. ब्रॅडिशला दूर समुद्रकाठच्या एका बड्या पंगतीनं आवतण धाडलं. टीव्हीचा पैसा चौपट. ब्रॅडिशचं मंडळ मार्चमध्ये लोकांचं ऐकून घेणार आणि तिथंच मत टाकणार, जायचं की राहायचं. गेले तर नोव्हेंबरचा सामना संपला.

मार्व्हिन स्टूरच्या हार्डवेअरच्या दुकानात सकाळी कॉफी मिळते, पोचट पण फुकट. तिथं सगळे खुशीत.

"जाऊ देत की!" मार्व्हिन खिळ्यांच्या डब्यावर हात आपटत म्हणाला. "पीडा टळली. आता आपणच या भागात एकटे राजे."

अर्लीन मांडीवर पर्स घेऊन बसली होती. म्हणाली, "एकटा राजा कुणावर राज्य करतो रे मार्व्हिन? तुझ्या मांजरावर?"

"म्हणजे? ते राहावेत असं म्हणतेस तू?"

"राहावेत. जायचं काही काम नाही त्यांचं."

मग एकेकानं सुरू केलं. कुणी म्हणे अर्लीनला जांभळं स्थळ आलंय. कुणी म्हणे उद्या वांग्याचं भरीत करून आणेल.

"हसा!" ती उठली. "तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, हे तुम्हाला कळायला अजून पाच वर्षं लागतील. नोव्हेंबरात कुणाच्या नावानं बोटं मोडाल? ब्रॅडिशच्या जागी पंगतीत घेणार म्हणतात त्या आयडाहोतल्या नव्या कॉलेजच्या? त्यांचं नाव तरी येतं का तुला, मार्व्हिन?"

मार्व्हिनला खरंच आलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, जिवाला त्रास करून घेऊ नका. त्यांचं विद्यापीठ, ते बघतील."

"सरकारी आहे ना ते? माझा कर जातो त्यात. तीन मिनिटं बोलायचा हक्क आहे मला. गाडी तू चालवणारेस."

विचारलं नाही, सांगितलं. एकोणीस वर्षांची सवय, मी तरी काय नाही म्हणणार.

ब्रॅडिशचं ते सभागृह जांभळ्या माणसांनी गच्च भरलेलं, आणि ही पिवळा स्वेटर, पिवळी टोपी घालून मधल्या वाटेनं चालली. लोक हूऽऽ करायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, रस्ता चुकलात!" अर्लीन थांबली, वळली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं येतेय मी या गावात. रस्ता तुम्ही चुकताय, म्हणून आलेय." तिथंच मला वाटलं, आज काहीतरी होणार.

आमच्या आधी जूनचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेतून ती उठली. गरम हॉल, माणसं अंगावरचे कोट काढून बसलेली, आणि तिनं लांब कोट घातलेला, दोन्ही हात खिशात. तशीच माइकसमोर उभी राहिली.

"माझं म्हणणं, जावं," जून म्हणाली. "जुन्यात किती दिवस अडकायचं? ते सोमवारचं वाढणं वगैरे, झालं आता पुरे. बंद पडलं तर बिघडलं काय? माणसं थकतात."

एवढंच बोलून बसली. टाळ्या पडल्या. मी अर्लीनकडं पाहिलं. तिचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. तिनं वाटेत मला तीनदा म्हणून दाखवलं होतं, "जून माझ्याच बाजूनं बोलेल, बघ तू. वर वर शिव्या देईल, पण बोलेल."

मग हिचं नाव पुकारलं. ही गेली, माइक आपल्या उंचीला ओढून खाली घेतला.

"मी अर्लीन व्होडिच्का, हार्टनची. तुम्ही मला आवडता म्हणून मी आलेले नाही. मला तुम्ही अजिबात आवडत नाही." लोक हसले. "हसू नका, खरं सांगतेय. पण नावडायलाही माणूस आधी नीट माहीत असावं लागतं. मला तुम्ही माहीत आहात. तुमच्या हॉलची कुठली फरशी हलते ते माहीत आहे. त्या समुद्रकाठच्या लोकांना तुमच्या गावाचं नाव धड उच्चारता येणार नाही. ते तुम्हाला हरवतील, आणि विमानात बसायच्या आत विसरतील. आम्ही विसरत नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी तुमच्या पोरानं शेवटच्या क्षणी हातातला चेंडू सोडला, त्या पोराचं नाव, त्याच्या आईचं नाव, सगळं माझ्या गावातलं शेंबडं पोर सांगेल. तुमच्या हरण्याची एवढी आठवण ठेवणारं दुसरं कोण आहे तुम्हाला? आणि पैशाचं म्हणाल, तर सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही."

घंटा वाजली. तीन मिनिटं झाली होती. ही हलेना.

"अध्यक्षसाहेब, कितीदा तरी मी हरून तुमच्याकडं आलेय, मान खाली न घालता वाढलंय. एकदा तुम्हीच माझ्याकडून तीन रोल घेतलेत. दोन खिशात घातलेत. मला दिसलं होतं."

सगळं सभागृह खदखदलं. अध्यक्षही हसले. आणि मग मंडळाच्या नऊ जणांनी मतं दिली. सात जायच्या बाजूनं, दोन राहायच्या. पंगत मुदतीआधी सोडल्याचा दंड भरून जुलैतच बाहेर पडायचं ठरलं. हसणारी माणसं हसतात आणि करायचं तेच करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्लीन तडक बाहेर. गाड्या लावल्या होत्या तिथं जून आपल्या मोटारीपाशी उभी होती.

"फितूर!" ही दहा हातांवरून ओरडली.

"मी फितूर? विद्यापीठ माझं, गाव माझं. मी फितूर कुणाशी?"

"सोमवारशी! चाळीस वर्षांच्या सोमवारांशी! थकलीस म्हणे. लाज नाही वाटत? मागच्या नोव्हेंबरात आम्ही हरलो, मी आले, तर माझ्या एप्रनची गाठ मारायला कुणीतरी परकी पोरगी. तुला म्हणे फ्लू. तेव्हापासूनच तुझ्या मनात होतं हे!"

जूननं किल्ली काढली आणि दाराला लावायला गेली. किल्ली लागेना. कडेच्या पत्र्यावर टकटक टकटक वाजत राहिली. हात थरथरत होता, थंडीनं थरथरतो तसा नव्हे. दुसऱ्या हातानं तो हात धरायला गेली, तर तोही तसाच.

"बघितलंस?" जून म्हणाली. "झालं समाधान? दोन वर्षं झाली. फ्लूबिलू काही नव्हता मला. गाठ मारता येत नाही. पुढच्या वेळी आम्ही हरलो असतो तर? तुझ्या गावात, त्या मार्व्हिनसमोर, निम्मं ओगराळं जमिनीवर सांडत उभी राहू मी? त्यापेक्षा सामनाच नको. जाऊ देत कुठं जायचं तिथं."

अर्लीननं तिच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. जूनचा नवरा कार्ल धापा टाकत आला, गाडी त्यानंच चालवायची होती.

परतताना चाळीस मैल मागं पडले. मग अर्लीन म्हणाली, "आपल्या हॉलमध्ये तिला कोण हसलं असतं गं?"

"मार्व्हिन," मी म्हटलं. खोटं कशाला बोला? "आणि मागच्या वर्षीपर्यंत मीसुद्धा, बाई."

"तुझं मी आत्ता बघते, मार्व्हिनचं नंतर," ती म्हणाली, आणि ब्रॅडिशला शिव्या घालायला लागली त्या हार्टन येईपर्यंत थांबली नाही.

जुलैत ब्रॅडिश गेलं. आमच्या सामन्यांच्या यादीत नोव्हेंबरचा तो शनिवार कोरा राहिला. त्या वर्षी सामना आमच्या मैदानावर व्हायचा होता. शनिवारी दुपारी अर्लीनचा फोन आला, "पिवळी टोपी घाल आणि ये."

"कुठं?"

"सामन्याला."

मैदानाच्या रखवालदारानं आम्हाला आत सोडलं, तिला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. शाळेत त्यानं तिच्याच हातचं खाल्लेलं. हजारो रिकाम्या बाकांत आम्ही दोघी, तिच्या नेहमीच्या जागेवर. वारा असा की कान गळून पडावेत. बरोबर एक वाजता ती घड्याळ हातात धरून बसली.

"काय करताय बाई?"

"थांब."

सव्वा एक झाला. ती उठली, गुडघे धरत. "पंधरा मिनिटं वाट पाहिली. नियमात आहे तेवढी. ब्रॅडिश मैदानात उतरलं नाही. जो उतरत नाही तो हरला. तू साक्षीदार. रखवालदार दुसरा."

"अहो, पण आपले तरी कुठं उतरले?"

"मी उतरले ना," ती म्हणाली.

तिथूनच तिनं जूनला फोन लावला. फोनचा आवाज तिला मोठा लागतो, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"जून, तुम्ही हरलात. सोमवारी साडेअकराला ये."

"वेड लागलंय तुला. सामना झाला नाही."

"तेच म्हणतेय. आला नाहीत म्हणून हरलात. घाबरलात."

"घाबरलो? आम्ही? तुमच्या त्या पेंगुळल्या पोरांना?"

"मग सोमवारी ये आणि तोंडावर सांग."

मग जून हळू आवाजात म्हणाली, "अर्लीन, माझे हात."

"हात घेऊनच ये. ते घरी ठेवून कशी येशील?" आणि हिनं फोन बंद केला. मग रुमाल काढून नाक पुसलं, म्हणाली वाऱ्यानं गळतंय.

रविवारभर ती गावात दारोदार फिरली. मार्व्हिनच्या दुकानात मी बरोबर होते. तिनं एवढंच सांगितलं, "उद्या ताटल्या नाहीत, खोल वाडगे आहेत. वाडगं ओगराळ्याच्या खाली, अगदी टेकवून धरायचं. सांडलं तर ते तुझं चुकलं. हसलास तर तुझ्या शाळेतल्या आठ वर्षांचं मला काय काय आठवतं, ते तिथंच उभी राहून सांगेन."

मार्व्हिन म्हणाला, "एवढा नालायक वाटतो का मी तुला?"

"उद्या कळेल," अर्लीन म्हणाली.

सोमवारी सव्वाअकरापर्यंत हॉल भरला. चिलीची मोठी भांडी चढलेली, दालचिनीचा वास बाहेर रस्त्यापर्यंत. साडेअकरा वाजले. कुणी नाही. अकरा पस्तीस. अर्लीन दाराकडं पाठ करून रोल मोजत होती, तेच तेच पुन्हा. अकरा चाळीसला कार्लची गाडी आली. जून उतरली ती नखशिखांत जांभळी, टोपीपासून मोज्यांपर्यंत. हात खिशात.

हॉलमध्ये कुणी हूऽऽ केलं नाही. तेच मला भीतीदायक वाटलं. जूनलाही वाटलं असावं, ती उंबऱ्यातच थांबली.

"काय गं बाई हे," अर्लीन खेकसली, "कुणी मेलंय का इथं? चाळीस वर्षं ओरडताय, आज घसे बसले?"

तेव्हा मार्व्हिननंच पहिलं हूऽऽ केलं, आणि मग सगळा हॉल दणाणला. जूनची मान ताठ झाली. ती चालत आली, खिशातून हात काढले आणि पुढं केले. अर्लीननं तिच्या गळ्यात पिवळा एप्रन घातला, मागं गेली, आणि गाठ मारली. एक नाही, दोन. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग गोल फिरून येऊन रांगेत पहिली उभी राहिली, वाडगं घेऊन.

जूननं ओगराळं भरलं. ते भांड्यातून वर आलं तेव्हाच निम्मं उरलं होतं. हात हलत होता, ओगराळं वाडग्याच्या काठावर खडखड वाजत होतं, आणि उकळती चिली अर्लीनच्या अंगठ्यावर सांडली. मी पाहिलं. तिनं वाडगं हलवलं नाही. अंगठा लाल होईपर्यंत तशीच धरून राहिली, ओगराळं रिकामं होईस्तोवर.

चमचा तोंडात घातला.

"मीठ कमी!" अर्लीन ओरडली.

जूननं तिच्याकडं पाहिलं. डोळे भरलेले, पण जीभ तीच. "वय झालं की आधी चव जाते, मग अक्कल. तुझी कुठल्या नंबरावर आहे?"

हॉल पुन्हा आडवा झाला. रांग सरकली. मार्व्हिननं वाडगं ओगराळ्याला टेकवून धरलं, दोन्ही हातांनी. एकशे बारा माणसं जेवली, आणि जूननं ओगराळं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. फरशी मी पुसली. फार नव्हतं पुसायला.

शेवटी भांडी निथळत होती, दोघी एका बाकावर बसल्या होत्या. अर्लीनचा अंगठा पाण्याच्या वाटीत. जून एप्रन सोडत नव्हती, सुटतच नव्हता.

"अर्लीन," जून म्हणाली, "पुढच्या वर्षी सामना आमच्या मैदानावर असतो."

"माहीत आहे."

"मी शनिवारी एक वाजता जाऊन बसणार आहे. पंधरा मिनिटं. तुमचे आले नाहीत तर?"

"कुठले येतायत! त्या दिवशी आमचे आयडाहोत आहेत," अर्लीन म्हणाली. "हरलेच मी. तो जांभळा एप्रन धुऊन ठेव."